लाल गाडी आणि चिंधीदेव

॥ श्री ॥
धानोरा, ता. ९ फेब्रुवारी १९५६

ती. गुणाबाईस व नानाजीभाऊजींस,
धाकटा भाऊ दसरू याचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की मले नोकरी लागली. दचकू नको बाई, या वेळी खरीच लागली. मागच्या पत्रात मी मूल गावी बसगाडीवर क्लिनर आहे असं लिहिलं होतं, पण ते पत्र तुले भेटलं असन तवा मी तिथी नव्हतोच. त्याचं कारण मोठं आहे, पुढं कधी सांगीन.

इथले मनसारामजी मालक. गावची मालगुजारी कायद्यानं गेली, रुबाब राह्यला. त्यांनी नागपूरच्या एका साहेबाची विलायती शर्यतीची गाडी घेतली आहे. लाल भडक, माथ्यावर टप नाई, बसाले दोघंच. इतकी बुटकी की रस्त्यावरच्या कोंबडीच्या डोळ्याले डोळा भिडते. मालकाले चालवता येत नाई. मी क्लिनर होतो म्हटलं, त ते म्हणाले की मंग तुले येतच असन. मी नाई म्हटलं नाई.

गाडीच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण साहेबानंच हरवलं होतं. तिथी नुसता बोळा कोंबून ठेवला होता. पेट्रोल उसळून भायर यायचं आणि मालकाच्या आईले, म्हणजे मालकीणबाईले, वासानं घेरी यायची. मी लटारू सुताराकडून सागाचं बूच घडवून घेतलं, त्याच्याभोवती मांजरपाटाची जाड पट्टी गुंडाळली, वरून साबण माखला आणि दगडानं ठोकून बसवलं. आता मुंगीले बी वास लागत नाई. मालक म्हणाले, पोट्ट्याले डोकं आहे. हे वाक्य भाऊजींनी दोनदा वाचावं.

या लटारूजवळ एक मैना आहे, ती गोंडीत शिव्या देते. तिच्यापायी माझा अर्धा दिवस गेला. पण ते राहू दे.

बाळंतीण सुखात असन, भाची माझ्या नाकावर गेली नसन अशी आशा. माया आहे ती आटू देऊ नये.

तुझा,
दसरू


पिपरटोला, ता. १६ फेब्रुवारी १९५६

चि. दसरूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी बाई पाळण्यापाशी बसून सांगते आहे आणि मी लिहितो आहे. रागाचे शब्द तिचे, शुद्धलेखन माझे.

ती म्हणते की नोकरी लागली हे ऐकून तिने तलावाच्या पाळीवरच्या मारुतीला नारळ फोडला, पण अर्धाच वाटला. उरलेला अर्धा, तू महिनाभर टिकलास तर, वाटणार आहे. (त्याचे खोबरे मी खाल्ले. हे तिला ठाऊक नाही.)

आता मुख्य गोष्ट. नदीकाठच्या बाबुलालजींची गोकुळा तुला सांगून आली आहे, हे तू विसरला नसशील. पहिल्या पाहणीला तू येणार होतास, तर वाटेत वैनगंगेतून बांबूचे तराफे जाताना दिसले म्हणून तू त्यांच्यावर बसून सिरोंच्याकडे निघून गेलास. दुसऱ्या पाहणीला तू शेजारच्या गावापर्यंत आलास आणि तिथे दंडार लागली होती म्हणून रात्रभर नाच पाहून सकाळी झोपलास. बाबुलालजी म्हणाले की मले पोट्ट्याचे नाकडोळे नाई पाहाचे, तो सांगितल्या जागी येते का, एवढंच पाहाचं हाय. ते पुढे म्हणाले की आमचा मासेमारीचा धंदा. जाळं धरणारा दुसरा माणूस सांगितल्या जागी नसला त मासे नाई, माणूस बुडते.

त्यांनी तिसरी आणि शेवटची वेळ दिली आहे. महाशिवरात्रीला, मार्कंड्याच्या जत्रेत, देवळाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या मोठ्या चिंचेखाली, भर दुपारी. बाई लेकरू घेऊन येऊ शकत नाही, मी येईन. या वेळी चुकलास तर गोकुळा आरमोरीच्या स्थळाला जाईल, आणि बाई म्हणते की मग मला भाऊ नाही.

हे शेवटचे वाक्य सांगून ती रडली, म्हणून इथेच थांबतो.

तुझा,
नानाजी


धानोरा, ता. २५ फेब्रुवारी १९५६

ती. गुणाबाईस शि. सा. नमस्कार वि. वि.

बाई, रडू नको. मी पायी नाई, गाडीत येतो. मालकीणबाईचा नवसच आहे की शिवरात्रीले लेकाच्या गाडीत बसून मार्कंड्याले जाईन. त्या बसणार, मी चालवणार. मालक आदल्या दिवशीच बैलांच्या दमणीनं निघणार आहेत, कारण त्यांचा गाडीवर भरोसा नाई. म्हणाले की गाडी मार्कंड्याले पोचली त तू कायमचा ड्रायव्हर, नाई पोचली त तिच्यात कोंबड्या ठेवीन आणि तू कोंबड्या राखशील.

आता खरं सांगतो. गाडी बंद पडून राह्यली. गावातून वाऱ्यासारखी निघते. चार-पाच मैल गेली की खोकलते, धापा टाकते आणि चुप. पेट्रोल ओढणारा पंप टिटवीसारखा टकटक टकटक करत राह्यते, पण कारबुरेटरमध्ये थेंब येत नाई. पहिल्यांदा ती नेमकी चिंधीदेवापाशी बंद पडली. चिंधीदेव म्हणजे सालईचं झाड आहे, वाटसरू त्याले चिंधी बांधून पुढं जाते. मालकीणबाई म्हणाल्या की आपण बांधली नाई म्हून देवानं धरली. त्या उतरल्या, पदराचा काठ फाडून बांधला. तोपर्यंत मी बूच उपटून काडी घालून पेट्रोल पाहून घेतलं. टाकी अर्धी भरलेली. बूच काढलं की टाकी म्हातारीसारखी लांब सुस्कारा टाकते, ते ऐकून मलेच वाईट वाटते. बूच ठोकलं, बटन दाबलं, गाडी चालू! मालकीणबाई म्हणाल्या, पाह्यलं?

मी देवाले मानतो, पण कारबुरेटरले बी मानतो. म्हून घरी येऊन सगळं खोललं. जेट फुंकला, गाळणी धुतली, नळीत तोंडानं हवा मारली. पेट्रोल तोंडात गेलं, दोन दिवस जेवणाले तीच चव. टाकी रिकामी करून पेट्रोल धोतरातून गाळलं, त्यात एक भुंगा भेटला. वाटलं झाला निकाल. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार मैल, पुन्हा चुप. मालकीणबाईंनी एका मोहाच्या झाडाले चिंधी बांधली, मी काडी घातली, टाकीनं सुस्कारा टाकला, गाडी चालू.

आता गडचिरोलीच्या रस्त्यावर जिथी जिथी आम्ही थांबलो तिथी तिथी चिंध्या झाल्या. काल पाह्यलं त बैलबंडीवाले बी उतरून त्या मोहाले चिंधी बांधत होते. मी विचारलं, काऊन बाबा? त म्हणाले की हा नवा देव लय कडक आहे, मोटरी धरते. चिंध्यांपायी मालकाची धोतरं आता गुडघ्यापर्यंतच येतात.

पण तू घोर करू नको. मी वेळेवर चिंचेखाली हजर. मले गोकुळाबद्दल एकच भेव आहे. घरात ठोकून बसवलेला माणूस माझ्याच्यानं होणार का? हे भाऊजींनी मोठ्यानं वाचू नये.

ओढ आहे ती तुटू नये.
दसरू


पिपरटोला, ता. २ मार्च १९५६

चि. दसरूस अ. उ. आ.

मोठ्यानेच वाचले. बाई म्हणते की ठोकून बसवायला तू काय बूच आहेस?

सोबत नवा गुलाबी पटका पाठवला आहे. पाहणीला हाच बांधायचा. मासे विकून घेतलेला आहे. पेट्रोल गाळायला, हात पुसायला किंवा मैनेला बसायला वापरू नये. गाडी चालो न चालो, तू चिंचेखाली पाहिजेस. गाडी बंद पडली तर उतरून पळत ये.

नानाजी
(बाईचा अंगठा खाली उमटवला आहे, म्हणजे तुला तिची शप्पथ लागेल.)


मार्कंडा, ता. ११ मार्च १९५६

ती. गुणाबाईस शि. सा. नमस्कार.

बाई, आधी चांगली बातमी. गाडी पोचली! आता वाईट सांगतो. पण क्रमानं सांगू दे, नाई त तुले पटणार नाई.

काल पहाटे निघालो. मालकीणबाई म्हणाल्या की आज नवसाचा दिवस, कोणता बी देव सुटला नाई पायजे. म्हणजे आम्हीच केलेले सगळे नवे देव! प्रत्येक झाडापाशी गाडी थांबवून त्यांची चिंधी, आणि तेवढ्यात बूच उपटून माझी काडी. घरून आणलेल्या चिंध्या सरल्या. मंग त्यांनी माझ्या डोक्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, बाई, हा पाहणीचा पटका आहे, माझ्या बहिणीनं मासे विकून घेतला. त्या म्हणाल्या की देवापेक्षा पाहणी मोठी आहे का रे? गडचिरोली यायच्या आधी पटका पाच झाडांवर गेला, बाई. गुलाबी रंग जंगलात लांबून दिसते, एवढंच समाधान.

गडचिरोली ओलांडली आणि चामोर्शीच्या रस्त्यावर एका नाल्यापाशी गाडी पुन्हा चुप. मी बूच उपटून काडी घालत होतो. मालकीणबाईंजवळ बांधाले काईच उरलं नव्हतं. नाल्याकाठी पळसाचं झाड होतं. त्यांनी माझ्या हाताकडं बोट करून विचारलं, हे काय आहे? बुचाभोवतीची मांजरपाटाची पट्टी. मी म्हटलं, हे काढलं त बूच ढिलं होईन, पेट्रोल उडन. त्यांनी काई ऐकलं नाई, पट्टी सोडली, साबणासकट पळसाले बांधली. बूच खुळखुळत बसवलं.

आणि बाई, तिथून मार्कंड्यापर्यंत गाडी एकदा खोकलली बी नाई! पेट्रोलचा वास येत होता, पण मालकीणबाईंनी नाकाले पदर लावून सांगितलं की देवाले हीच चिंधी पायजे होती, आपणच उगाच धोतरं फाडली. मले काईच सुचत नव्हतं. जे पंधरा दिवस फुंकून झालं नाई ते चिंधी सोडून कसं झालं?

आम्ही ठरवल्यापेक्षा लय आधी पोचलो. मालकीणबाईले देवळात सोडलं. दुपारले अवकाश होता, म्हून जत्रेत फिराले निघालो. अस्वलवाला पाह्यला. देवळाच्या भिंतीवरचे दगडी हत्ती पाह्यले. मंग एका भज्याच्या दुकानापाशी एक पोट्टी तेलाचा बंद डबा फोडत होती. डब्यावर खिळा ठेवून दगडानं एका कोपऱ्यात भोक पाडलं, मंग दुसऱ्या कोपऱ्यात. मी उभा राह्यलो. म्हटलं, तेल एका भोकातून येणार, दुसरं काऊन? ती म्हणाली की बावा, वारा आत जाईन तवा तेल भायर येईन, एकाच भोकानं ते गुचक्या-उचक्या देत बसते. जन्मात डबा नाई फोडला का?

बाई, मले टाकीचा सुस्कारा आठवला! भायरचा वारा आत जाताना आवाज होत होता तो. माझ्याच बुचानं टाकीचा श्वास कोंडला होता, आणि मी पंपाले शिव्या देत होतो. मी तिच्या हातातला खिळा घेतला आणि पळालो. ती मागून ओरडली, पण काय ओरडली ते ऐकलं नाई. खिळा तापवून बुचाले आरपार भोक पाडलं, माझ्या सदऱ्याची पट्टी गुंडाळली, ठोकलं. आणि खात्री कराले गाडी चामोर्शीपर्यंत नेऊन आणली. मंग पुन्हा एकदा. वाटेत एका चिंचेखालची माणसं हात हालवत होती. गाडीचं कौतुक सगळ्याले असते. मी बी हात हालवला.

सूर्य कलल्यावर मले ती चिंच आठवली. धावत गेलो, त तिथी कोणी नव्हतं.

मालकानं मले कायमचा ड्रायव्हर केलं. पण माझ्यानं जेवल्या गेलं नाई. आता तुले भाऊ नाई, हे मले मान्य आहे. तरी पत्र पाठव.

दसरू


पिपरटोला, ता. १४ मार्च १९५६

चि. दसरूस आशीर्वाद. किती द्यावे ते पत्र संपल्यावर ठरवतो.

चिंचेखाली हात हालवणारा मी होतो. शेजारी उभे होते ते बाबुलालजी. तुझी लाल गाडी आमच्या समोरून एकदा गेली, मग आली, मग पुन्हा गेली आणि पुन्हा आली. तू प्रत्येक वेळी आम्हाला हसून हात केलास. आमच्या तोंडात धूळ गेली. तुझ्या अंगावर सदरा अर्धाच होता. बाबुलालजी म्हणाले की पोट्टा सांगितल्या जागी येते खरं, पण थांबत नाई. आणि त्यांनी आरमोरीचे नाव काढले.

मग आम्ही त्यांच्या मेहुणीच्या दुकानावर भजी खायला गेलो, कारण रागाने भूक लागते. गोकुळा तिथेच कढईपाशी होती, मावशीला मदत करत. चिडलेली होती. म्हणाली की एक बिनपटक्याचा, पेट्रोलच्या वासाचा माणूस आला, माझं नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं, डब्याकडंच पाहत राह्यला आणि मग देव दिसल्यासारखं तोंड करून माझा खिळा घेऊन लाल गाडीकडं पळाला.

बाबुलालजींनी आणि मी एकमेकांकडे पाहिले. मी हळूच सांगितले की तो आमचाच.

बाबुलालजी म्हणाले की पाह्य, पोट्टा जागेवर येतच नाई. गोकुळा कढईतून झारा न काढता म्हणाली की बाबा, तो आला होता. तुमीच भलत्या जागी उभे होते. यावर बाबुलालजींनी एक भजे उचलून तोंडात टाकले. माझ्या तोंडात ते आधीच होते.

मी तिला तुझ्या ठोकलेल्या बुचाची, चार मैलांवर बंद पडणाऱ्या गाडीची गोष्ट आणि तुझ्या पत्रातले ते ठोकून बसवलेल्या माणसाबद्दलचे वाक्य सांगून टाकले. राग मानू नकोस. ती पुष्कळ हसली. म्हणाली की फिराले जाते त जाऊ द्या, माणसाले बी एक भोक मोकळं पायजे, नाई त तो चार मैलांवर बंद पडते. पण तेल सांडलेलं मले चालणार नाई, आणि तिसरं भोक पाडलं त मी खिळ्यानं नाई, दगडानं बोलीन.

बाबुलालजींची एकच अट राहिली आहे. येत्या रविवारी तू त्यांच्या दारी खिळा परत आणून द्यायचा. गाडीने ये, पायी ये, पण दारापुढून निघून जाऊ नकोस, तिथे थांब. पटका न बांधता आलास तरी चालेल, कारण तो आता पाच देवांचा आहे.

बाईने उरलेला अर्धा नारळ मागितला आहे. तो तू येताना आणावास, आणि हे तिच्यासमोर बोलू नये.

लोभ चालू आहे. तो मध्येच बंद पडू नये, एवढीच दोघांची मागणी.

तुझा,
नानाजी