पूर्वेची भिंत

प्रिय आर्विड,

‘प्रिय’ सवयीने लिहून गेले. खोडत नाही, नवा कागद आणायला उठले तर पत्र राहूनच जाईल.

इकडे कालपासून उणे एकतीस आहे. सरोवर बंदरापर्यंत गोठलंय आणि टपालवाला शेजारच्या ल्युरीनकडे कॉफी प्यायल्याशिवाय पुढे सरकत नाही. मी स्वयंपाकघरात, पूर्वेच्या भिंतीला पाठ लावून बसलेय. पायांत नुसते मोजे आहेत. याच खुर्चीत बावीस हिवाळे मी गुडघ्यांवर रजई घेऊन बसत होते, हे तुला आठवत असेल.

टोस्टरच्या प्लगच्या भोकांतून वारा येतो, असं मी तुला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. हात धरून दाखवलंही होतं. तू अर्ध्या गावाची घरं बांधलेला सुतार. तू हात न लावताच हसलास. नंतर थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तुझ्या भावांसमोर म्हणालास, “मार्लिसला विजेच्या तारांतून वारा वाहताना दिसतो.” सगळे हसले. मीही हसले, त्याचा राग मला तुझ्यापेक्षा माझाच जास्त येतो. मग मी भोकांवर चिकटपट्टी लावायला लागले आणि तू मला तुझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलंस. नसा शांत करायच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या घेतल्यावर पापण्या जड व्हायच्या, म्हणून मी शाळेची बस चालवणं सोडलं. अकरा वर्षं चालवली होती, बर्फात एकदाही रस्ता सोडला नव्हता. किल्ली परत करायला तूच गेलास. मी गाडीत बसून राहिले.

आपण वेगळे झाल्यावर, या नोव्हेंबरमध्ये घरांतली हवेची गळती तपासणाऱ्या योजनेतून एक बाई आली. रोझान नाव तिचं, कमरेला हत्यारांचा पट्टा. तिने पुढच्या दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढली आणि धुराची कांडी घेऊन खोल्या फिरली. टोस्टरच्या प्लगपाशी धूर आडवा होऊन थेट तिच्या तोंडावर आला. ती आपणहून म्हणाली, “इथे बसवत कसं होतं हो तुम्हाला?” आर्विड, बावीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सिंकपाशी जाऊन उगाच भांडी विसळली.

तिने मेन बंद केला, झाकण काढलं आणि शेजारी भिंतीच्या फळीचा पंजाएवढा तुकडा कापून आत बॅटरी मारली. भिंत रिकामी होती. थंडी अडवायला भिंतीत भरतात त्या कापसाचं एक बोटसुद्धा नाही. आतल्या लाकडी खांबावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, ‘पूर्व बाजू राहिली. वसंतात भरायची.’ खाली तारीख आणि तुझा तो वाकडा ‘आ’. रोझानने विचारलं, हे कुणी लिहिलंय. मी म्हटलं, घर बांधणाऱ्याने.

तू विसरला असतास तर मी तुला माफ केलं असतं. पण मी दरवर्षी ती भिंत तुला दाखवत होते, आणि दरवर्षी तुला ठाऊक होतं. हातून राहिलेलं काम कबूल करण्यापेक्षा बायकोला वेडी ठरवणं तुला सोपं गेलं.

माणसं येऊन भिंत भरून गेली. उरलेलं मी केलं. बाहेरच्या भिंतींवरचे सगळे प्लग आणि बटणं, एकूण एकोणीस. मेन बंद, दोन स्क्रू, झाकणामागे त्याच मापाची फोमची पातळ गादी, पुन्हा दोन स्क्रू. सगळं मिळून एक दुपार लागली.

हे सगळं तुला कधीच कळवणार नव्हते. पण रविवारी आपल्या लेकीचा, कायसाचा फोन आला. तू तिला बांधून दिलेल्या घरात बाळाच्या पाळण्यामागे गार वारा येतो म्हणून ती तीन आठवडे सांगतेय. तू तिला म्हणालास, बाळंतपणानंतर बायकांना असे भास होतात. येत्या गुरुवारी तू तिला त्याच डॉक्टरांकडे नेणार आहेस, हेही तिनेच सांगितलं, आणि वर मला विचारलं, “आई, मला खरंच भास होत असतील का गं?” बुधवारी सकाळी दहाला मी रोझानला घेऊन तिच्याकडे पोहोचतेय. तूही ये. पाळण्यामागचं झाकण तू तुझ्या हाताने उघडायचंस आणि आत काय भरलं नाहीस ते मुलीला तुझ्या तोंडाने सांगायचंस. नाही आलास, तर मी सांगेन, आणि आपल्या भिंतीपासून सुरुवात करेन.

अजिबात वेडी नसलेली,
मार्लिस