अर्धा कप, दुधाशिवाय

वेळणेश्वर,
५ नोव्हेंबर २०२४

ती. अक्षयाताईस,

गौरवचा नमस्कार. अनिलभावजींनाही सांग. इकडे सगळं ठीक आहे. तुम्ही दोघंही बरी असाल, असं धरून लिहितो.

तुझं दिवाळीचं खोकं मिळालं. त्यावर पोफळी गावातल्या तुमच्या क्वार्टरचा पत्ता होता, म्हणून हे पत्र पाठवता येतंय. तुझा जुना नंबर लागत नाही. नवा तू लिहिला नव्हतास, आणि लिहिला असतास तरी मी फोन केला असता की नाही, सांगता येत नाही. माझं तुला माहीत आहे. पलीकडून "हं, बोल" असं आलं की ठरवलेलं सगळं माझ्या डोक्यातून जातं. कागदावर थांबून थांबून बोलता येतं.

फराळ बाबांनी शेजारी सोनूबाईकाकींकडे द्यायला लावला. राग मानू नकोस. मी नेताना वाटेत एक चकली खाल्ली. छान झाली होती.

बाबांच्या किडनीचं तुझ्या कानावर आलंच असेल. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी बांधून दिलंय. सकाळी मी ते एका बाटलीत भरून ठेवतो. गोळ्यांना, भातावरच्या कढीला, घसा ओला करायला, सगळं त्यातूनच काढायचं. चहाच्या वाट्याला अर्धा कप येतो. ज्या माणसाने बोटीवर कुक म्हणून अर्धं आयुष्य काढलं, चुलीशेजारी ज्याचा स्वतःचा मग सदा भरलेला असायचा, त्याला अर्धा कप. मग मी ठरवलं, अर्धाच द्यायचा तर तो चांगला तरी असावा.

मी आता इथल्या एका लॉजवर खोल्यांचं काम बघतो. पर्यटक गेले की खोलीत चहाची अर्धी पाकिटं राहतात. कुणी मुंबईहून आणतं, कुणी आणखी कुठून. मी ती घरी आणतो, बरण्यांत भरतो आणि झाकणांवर नावं चिकटवतो. संध्याकाळी तीन प्रकारचा चहा करतो. बाबांना प्रत्येकाचा एकच चमचा देतो, कारण जास्त चालत नाही. जो पसंत पडेल त्याचा मग उरलेला अर्धा कप बशीत. बाकीचा मी पितो. त्यामुळे मला हल्ली झोप नाही.

त्यांची मतं ऐकशील तर हसशील. दार्जिलिंगच्या लांब पत्तीचा चमचा तोंडात घोळवून म्हणाले, "ही शहाण्यांची चाय. वास घ्यायचा नि ओतून टाकायची." हिरव्या चहाला म्हणाले, "ह्ये गोठ्यातलं पाणी मला कशाला देतोस? गुरं रागावतील." निलगिरीला नुसती मान हलवली. आपल्या नेहमीच्या आसामच्या भुकटीला म्हणाले, "ही आपली. पण लोखंड लागतंय रे."

मी टोप बदलला. ॲल्युमिनियमचा होता, स्टीलचा घेतला. तरी लोखंड. विहिरीचं पाणी सोडून लॉजवरचं फिल्टरचं आणलं. तरी लोखंड. नवं मातीचं मडकं आणून त्यात उकळलं. बाबांनी चमचा चाटूनपुसून परत दिला आणि म्हणाले, "बरी हाय." तेव्हा मला कळलं की ते माझं मन राखतायत. लोखंड टोपात नव्हतं, पाण्यातही नव्हतं. ते त्यांच्या तोंडातच आहे.

दूधही बंद करा म्हणून सांगितलंय. पण कोरा चहा पुढे केला की ते तोंड फिरवतात. "कोरी चाय मेलेल्याच्या घरात पितात. मी अजून हाय." तुला आठवत असेल. आई गेली त्या दिवशी आपल्याकडे चूल पेटली नव्हती. माणसं स्मशानातून परत आली तेव्हा सोनूबाईकाकींनी किटलीतून कोरा चहा आणला होता. तेव्हापासून आपल्या घरात तो कुणी केला नाही. म्हणून मी चमचाभर तरी दूध घालतोच.

एक विचारायचं होतं. तू चहा करायचीस तो बाबा न बोलता प्यायचे. त्यात तू काय घालायचीस? मी तुझ्या शेजारी उभा असायचो, पण मला फक्त झाकण ठेवलेलं आठवतं.

या आठवड्यात डायलिसिसला चिपळूणला जाणं झालं नाही. जीपची अडचण होती. पुढच्या आठवड्यात जाऊ.

उत्तर लिही. नाही लिहिलंस तरी मी लिहीन.

तुझा,
गौरव

*

वेळणेश्वर,
११ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,

नमस्कार. तुझं उत्तर अजून आलं नाही. कदाचित माझं पत्रच पोचलं नसेल. पत्ता मी दोनदा ताडून बघितला होता.

जीपची अडचण नव्हती.

जीप वेळेवर आली होती. बाबा शर्ट घालून ओटीवर बसले होते. मी पाण्याची बाटली, चादर, फाईल, सगळं पिशवीत भरलं होतं. ड्रायव्हरने हॉर्न दिला तसं बाबांनी शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. मला वाटलं, उकडत असेल. शर्ट घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "त्याला सांग, जा. आता नको." मी म्हणालो, आजच्या दिवस चला. तर म्हणाले, "तुझा आजच्या दिवस संपत नाय. दिवसभर त्या खुर्चीत नळ्या लावून पडायचं नि दुसऱ्या दिवशी त्या थकव्यातून उठायचं. परत चला. मी बोटीवर इतकी वर्षं काढली, मला कुणी दोरीने बांधला नव्हता."

मी पाया पडलो. सोनूबाईकाकींना बोलावलं. काकी म्हणाल्या, "आत्माराम, पोराकडे बघून तरी जा." बाबा म्हणाले, "त्याच्याकडे बघूनच नको म्हणतंय."

मी डॉक्टरांना फोन केला. हा फोन मी केला, ताई, आणि अडखळलो नाही. ते म्हणाले, माणूस शुद्धीत आहे, आम्ही ओढून आणू शकत नाही. मग त्यांनी पुढे काय काय होईल ते सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. त्यातलं काही सुरू झालंय. पाय सुजलेत. बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. अंगाला खाज येते आणि उचकी लागली की लवकर थांबत नाही. आडवं झालं की धाप लागते, म्हणून भिंतीला उशा लावून बसूनच झोपतात.

हे मी मागच्या पत्रातच लिहायला हवं होतं. दोनदा लिहून तो कागद फाडला. लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं, असं वाटत होतं.

आता चहाचं. तुझ्या खोक्यात फराळाखाली वर्तमानपत्रात बांधलेला वाळवलेला गवती चहा होता. तो मी काकींकडे दिला नाही, काढून ठेवला. परवा आसामच्या भुकटीत त्याची दोन पाती कापून घातली आणि झाकण ठेवलं. बाबांनी चमचा घेतला. थांबले. दुसरा मागितला.

"ही पात आपल्या परसातली नाय," म्हणाले. "आपली खाऱ्या वाऱ्यातली, उग्र लागते. ही कुठली?"

मी म्हणालो, "लॉजवर कुणीतरी ठेवून गेलं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बघितलं. मग त्यांनी बशी उचलली आणि सगळी संपवली. काल संध्याकाळी स्वतःहून विचारलं, "ती लॉजवाली पात हाय काय अजून?" मी हो म्हणालो. "जपून वापर," म्हणाले.

ताई, मला तो दिवस आठवतो. लग्न करून तुम्ही दोघं आलात. बाबा ओटीवरून उठले नाहीत. भावजी आपल्यातले नाहीत म्हणून ते काय काय बोलले, ते तू ऐकलंस. तरी तू सरळ आत गेलीस, चहा केलास आणि त्यांच्यासमोर ठेवलास. "तुझ्या हातचं पाणी माझ्या हयातीत पिणार नाय," हे ते त्या कपाकडे बघून बोलले. तुझ्याकडे बघून नाही. तुम्ही निघालात. चहावर साय धरली तरी कप तिथेच होता. मी तो उचलायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हांदे." अंधार पडेपर्यंत ते त्या कपासमोर बसून होते. हे तुला कुणी सांगितलं नसेल. तुम्ही गेल्यावरचं कोण सांगणार?

ते तुझं नाव घेत नाहीत. पण तुझी पात पितात. एवढंच मला माहीत आहे. यातून काय समजायचं, ते तू माझ्यापेक्षा शिकलेली आहेस, तू ठरव.

तुझा,
गौरव

*

वेळणेश्वर,
१५ नोव्हेंबर २०२४, सकाळ

ताई,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. केरूदादा टेम्पो घेऊन पोफळीकडेच येतोय, त्याच्या हाती देतो. तो थांबलाय, म्हणून अक्षर बरं नाही.

काल बाबांनी कोरा चहा मागितला.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कोरी," परत म्हणाले. "सगळ्या बरण्यांची कर. एकेक चमचा." सोनूबाईकाकी पेज घेऊन आल्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "हे काय नवीन?"

बाबा म्हणाले, "सोनूबाय, ह्याची आई, आमची मैना गेली तेव्हा तू चाय आणलीस ती आठवते? माणसं मैनेपेक्षा त्या चायला जास्त रडली."

"मेल्या, मरायला टेकलास तरी जिभेला हाड नाय तुझ्या!"

"टेकलोय म्हणूनच बोलतंय. ह्या खेपेला मला चव घ्यायला मिळायची नाय. माझ्या मयताला आलेली माणसं तुझं पाणचट पिऊन गेली तर बोटीवरचे लोक काय म्हणतील?"

काकी हसल्या आणि हसता हसताच पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या.

मी सगळ्या बरण्यांचा चहा केला. ताई, इतक्या नीट मी आजवर कुठलंच काम केलं नव्हतं. एक थेंब सांडला नाही. एकेक चमचा मी त्यांच्या तोंडाशी नेत होतो आणि ते डोळे मिटून घेत होते. मध्येच उचकी लागायची. ती थांबेपर्यंत मी चमचा धरून बसायचो. शेवटी त्यांनी ठरवलं. आसामची भुकटी, वर चिमूटभर ती शहाण्यांची पत्ती, आणि लॉजवाली पात. साखर थोडी जास्त, कारण उपाशी माणसं असतात. पात आधी उकळायची. भुकटी टाकली की टोप खाली उतरवायचा आणि झाकण ठेवायचं.

मी विचारलं, "बाबा, लोखंड लागत नाही?"

"लागतंय. पण पिणारे दुसरे हायत."

मग डोळे मिटून उशांना टेकले. मला वाटलं, झोपले. तेवढ्यात म्हणाले, "सोनूबायला हे जमणार नाय. त्या लॉजवालीला सांग. तिला जमेल."

मी विचारलं, "कधी सांगू?"

"मी गेल्यावर. हयातीत मी बोललोय ते बोललोय."

निरोप हा असा आहे. जसा मिळाला तसा लिहिला, पदरचं काही घातलं नाही. माझं काम इथे संपलं, असं बाबांना वाटेल.

पण मी तो निरोप पाळणार नाही. मी लहानपणापासून सांगितलेलं सगळं ऐकत आलो. एवढं एक ऐकणार नाही. गेल्यावर नको, आज ये. केरूदादा दुपारी मोकळा होईल. त्याला तुझ्या दारावरून येऊन तुला घेऊन यायला सांगितलंय. भावजी येणार असतील तर दोघांना जागा आहे.

आल्यावर ओटीवर चढू नकोस. बाबांच्या शब्दाला धक्का लागेल आणि त्यांना आता ओरडायला श्वास नाही. सरळ सोनूबाईकाकींच्या स्वयंपाकघरात जा. बरण्या मी तिथे नेऊन ठेवल्यात. चहा तू तिथे कर. घेऊन मी जाईन आणि चमचाही मीच धरेन. ते विचारणार नाहीत, कुणी केला. विचारलंच तर मी म्हणेन, लॉजवर कुणीतरी केला. त्यांना कळेल, आणि ते पितील. तू आपल्या मागच्या दाराच्या फटीतून बघ. त्यानंतर त्यांनी आत बोलावलं तर ये. नाही बोलावलं तरी तुझ्या हातचं त्यांच्या पोटात गेलेलं असेल.

आता पाणी मोजायचं राहिलेलं नाही. ती बाटली मी काल धुऊन पालथी घातली. पूर्ण कप देता येतो. पण पूर्ण कप त्यांना जात नाही. दोन चमचे जातात, कधी तीन. आज पहाटे मला त्यांनी आईच्या नावाने हाक मारली आणि मी ओ दिली.

आज त्रिपुरी पौर्णिमा. संध्याकाळी देवळात दिवे लावतील. आपल्या ओटीवरून ते दिसतात आणि बाबा भिंतीला टेकून त्याच बाजूला तोंड करून बसलेले असतात. त्या वेळेपर्यंत पोचलीस तर बरं.

काकींची किटली मी राखेने घासून ठेवली आहे. ती कुणाच्या चहासाठी निघेल, ते तू कधी पोचतेस यावर आहे.

तुम्हा दोघांसाठी अजून दोन कप मांडणारा,
तुझा भाऊ गौरव