हंस, ओव्हन आणि बाबांची घाई

७ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे हे आधी विचारायला हवं, पण मला धीर नाही. काल हॉटेलात पहिल्यांदाच हंस भाजला आणि तोंडघशी पडले. हंस म्हणजे बदकाचा थोरला भाऊ. अंगात चरबी मावत नाही, तरी आतून नुसता भुसा! मालकीणबाई भल्या आहेत, त्यांनी सांभाळून घेतलं. वाढप्याने मात्र विचारलं, की उरलेल्याने टेबलं पुसू का.

खरी पंचाईत पुढेच आहे. घरचं शिवणकामाचं दुकान सोडून मी दुसऱ्यांच्या चुलीपुढे उभी राहते, हे बाबांना अजून पचलेलं नाही. शेवटी मीच तोंड वर करून म्हटलं, की एकदा येऊन माझ्या हातचा हंस खा. रसाळ निघाला तर मी इथेच राहीन, कोरडा निघाला तर बॅग भरून दुकानात येऊन बसेन. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ते येतायत. मी हरणार नाही हे नक्की, पण जिंकायचं कसं ते तू सांग.

मी काय केलं तेही ऐक. मीठ-मिरी चोळून ओव्हनमध्ये कडक आचेवर ठेवला, आई भाजी बघते तसा दार उघडून सारखा बघितला आणि बाहेर काढल्याबरोबर कापला. ताटातून वाफ निघाली नाही तर बाबा ताट सरकवतात, हे अंगात मुरलंय ना! वाफ भरपूर निघाली. रस सगळा फळीवर.

आशीर्वाद देशीलच, सोबत युक्तीही दे.
तुझी,
भिंगरी

१५ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

गुडघा कुरकुरतो, जीभ ठणठणीत आहे. गेस्टहाउसच्या ओव्हनपुढे माझा जन्म गेला, तेव्हा मुकाट्याने ऐक.

आदल्या दिवशी पोटातली सुटी चरबी ओढून काढ. मग कातडीला सुईने टोचे मार, पण तिरके. सुई मांसात गेली की रस गेलाच. अस्तराला धक्का न लावता वरचं कापड कसं टोचायचं, हे शिंप्याच्या पोरीला मी काय शिकवू? वरून उकळतं पाणी ओत, पुसून कोरडा कर, मीठ चोळ आणि रात्रभर फ्रीजमध्ये उघडाच ठेव. कातडी जितकी कोरडी, तितकी कुरकुरीत.

ओव्हनमध्ये आधी पालथा घाल, म्हणजे पाठीची चरबी झिरपत छातीला भिजवेल. नंतर उताणा कर. आच मध्यम ठेव आणि नावाप्रमाणे गरगर फिरत दार उघडू नकोस. दर वेळी आच पळते. मांडीत सुई खुपसल्यावर स्वच्छ रस आला, लालसर नाही, की झाला.

आणि मग सुरी लपव. त्याला विसावा दे, रस परत मांसात जिरू दे. वाफ जाईल, ऊब राहील. घोडं इथेच पेंड खाणार आहे, कारण तुझी गाठ हंसाशी नाही, माझ्या भावाशी आहे. तो लहानपणी पानं मांडायच्या आधी पाटावर बसायचा. आजवर त्याला कुणी थांबवलेलं नाही. तू थांबव.

पोरी, मला तुझी काळजी मुळीच वाटत नाही. निकाल लगेच कळव.
तुझी,
आत्या

८ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पढवलेल्या तुझ्या भाचीने रविवारी मला ताटकळत ठेवलं, ही तक्रार आधी ऐकून घे.

हंस बाहेर आल्याचं वासावरूनच कळलं. मी रुमाल गळ्यात अडकवून बसलो, तर ताट काही येईना. उठून आत गेलो. हंस टेबलावर, आणि ही हाताची घडी घालून पुढ्यात उभी. मी म्हटलं, निवतोय, काप. ती म्हणाली, आत्ता नाही. मालकीणबाई म्हणाल्या, पाहुणे खोळंबलेत. त्यांनाही तेच उत्तर, आवाज न चढवता.

ताई, गिऱ्हाईक कितीही घाई करू दे, इस्त्रीचा गरम कोट मी लगेच अंगात घालू देत नाही, चुण्या पडतात. तेव्हा मी ज्या आवाजात गिऱ्हाइकाला बसा म्हणतो, अगदी त्याच आवाजात तिने मला बसा म्हटलं. बसलो.

वाफ नव्हती. पण पहिल्या घासाला रस हनुवटीवर ओघळला आणि दुसरी तंगडी मी मागून घेतली. तिला मात्र एवढंच म्हटलं, की बरा झालाय.

तुला म्हणून सांगतो. दुकानाची नवी पाटी रंगवायला टाकली होती, खाली ‘आणि कन्या’ लिहायला सांगितलं होतं. तिला हे ठाऊक नाही. काल गेलो तर रंगाऱ्याने ते शब्द रंगवूनसुद्धा ठेवलेले, फार सुरेख. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! तरी त्याला म्हटलं, पुसून टाक. तिला स्वतःची पाटी लागणार आहे.

गुडघ्याला जप, आणि या हट्टी भावावरची माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
धाकटा