आत्याची वाटखर्ची

रविवार, इंदापूर

इटलीतला रोजचा बसचा, जेवणाचा खर्च मांडत बसलो होतो, तेवढ्यात वरकुट्याची आत्या आली. लांब निघालेल्याच्या हातावर ती वाटखर्ची ठेवतेच. घडी घातलेली शंभराची नोट पुढं केली. "ऱ्हाऊ दे, तितं चहापाण्याला."

मी हसत म्हणालो, "आत्या, ह्यात तितं एक चहा बी येत न्हाय."

का बोललो असं? गुपचूप घ्यायची, पाया पडायचं. डोक्यात आकडे होते, बोलून गेलो. ती नोटेची घडी डोळ्यांसमोरून जात नाही. आत्या चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं परतीच्या एसटीचे सुट्टे पैसे काढून त्याच नोटेवर ठेवले आणि विचारलं, "आता येईल का रं?"