डाव्या गालाची सावली

माकुणसार
सोमवार, ३ मार्च १९९७

लाडके सुलू,

आजीचा आशीर्वाद. आमचं इकडे बरं हाय, अण्णा आजोबांचा खोकला हाय तसाच हाय, वाडीतल्या पानवेलींना पाणी पुरतंय. तुजं खाणंपिणं नीट चाललंय ना? तिथं मुंबईत नुसत्या पावावर राहू नको.

तुजं चित्र पोचलं. कागदाच्या दोन्ही कडांना भोकं, मला वाटलं पोस्टात उंदरानं खाल्ला. अण्णा म्हणाले, "अगं, कंप्युटरचा कागद तसाच असतो." तू विचारलंस, "आजी, लाईन कशी वाटते?" मी लिहून टाकलं की लाईन दिवसातून दोनदा जाते, इथं तारापूरला एवढी वीज होते ती कुठं जाते कुणास ठाऊक. अण्णा हसता हसता खोकायला लागले. लाईन म्हणजे रेघ होय! मग रेघ म्हण ना. तो कागद फाडून हा दुसरा घेतला.

आता दुसरी यत्ता शिकलेल्या बाईला विचारलंस तर ऐकायचं. तुजी म्हातारी झ्याक हाय, पण रेघ डोक्यापासून पायापर्यंत तारेसारखी एकसारखी. तिनं भरलेली कळशी कमरेवर घेतलीय, तर भार कुठं हाय? कमरेची रेघ जाड कर. पदराची बारीक करत नेऊन सोडून दे, रांगोळीची चिमूट संपत येते तशी.

सावलीचं मला नुसतं बघून कळेना. म्हणून शेजारच्या जमुनाला अंगणात उन्हात कळशी घेऊन उभी केली. ती ओरडायला लागली, "काकी, माजं कालवण करपलं!" म्हटलं, करपू दे, आमच्या सुलूच्या नोकरीचा प्रश्न हाय. तर बघ, एका अंगाला ऊन, दुसरं अंग काळं, आणि कळशीची सावली मांडीवर वाकडी पडते. तू दोन्हीकडनं काळं केलंस. सूर्य एकच हाय, बाय.

आणि तिच्या डाव्या गालाला फुगवटा दाखवून खाली काळं केलंयस, ते पूस. गाल दोन्ही सारखे कर. म्हातारी झाली तरी तोंड नीट असावं.

जमुना म्हणते, "ही तर तुमीच, काकी." तिला काय, काहीपण बोलते. यंदा चिकू बरे लागलेत. तुज्या बापाला, बळवंतला, बोईसरच्या कारखान्यात रात्रपाळी लागलीय, म्हणून तो लिहीत नाय, रागावू नको. सोमवारी सतरा तारखेला चित्र द्यायचं ना? कार्टूनच्या कंपनीत पक्की लागलीस की मी अख्ख्या आळीत पेढे वाटीन.

तुजी
आजी

ता. क. गालाचं विसरू नको.


माकुणसार
बुधवार, १२ मार्च १९९७

सुलू बाय,

आशीर्वाद. पोस्टानं उशीर होईल, म्हणून हे पत्र जमुनाच्या नवऱ्याच्या हाती देतेय. उद्या तो विड्याची पानं घेऊन दादरला येणार हाय. त्याला चहा पाज.

तुजं नवं चित्र मिळालं, जुनं जपून ठेवलंच हाय. तुज्या सरांनी रेघ जिवंत झाली म्हटलं, कळशीची सावली कुणी सांगितली म्हणून विचारलं, हे मी जमुनाला तीनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आणि माजं कालवण करपलं ते लिहिलं का तिनं?" इतकी हसलो गं आमी.

पण पुढचं तिला वाचून दाखवलं नाय. सर म्हणाले की गाल सारखे केल्यावर म्हातारीची बाहुली झाली. पहिली काहीतरी तोंडात दाबून गप्प होती, तिला काय झालंय ते विचारावंसं वाटत होतं. आणि तू खाली लिहिलंस, "आजी, मी दिवाळीत बघितलं तसंच काढलं होतं. तुला का नको?"

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाय. अंगण दोनदा झाडलं. भाकरी करपवली. पानं खुडायला गेले नि टोपली घरीच. मग अण्णांसमोर दोन्ही चित्रं ठेवली आणि म्हटलं, सांगा, कुठलं बरं?

त्यांनी चष्मा पुसला. जुन्या चित्राच्या गालावर बोट ठेवलं. "हे काय हाय?"

"मशेरी धरलीय तिनं गालात."

"तिचं नाय, तुजं विचारतोय. मशेरी थुंक आणि आ कर."

सुलू, गणपतीत ती गाठ चिकूच्या बीएवढी होती. आता सुपारीएवढी हाय. आधी दुखत नव्हती, आता त्या बाजूनं चावता येत नाय, म्हणून मला मऊ भातच आवडतो असं सगळ्यांना सांगत होते. एका घरात राहून अण्णांना कळलं नाय, आणि तू चार दिवस राहून रेघेत धरलीस. मला चित्र बघताक्षणी कळलं होतं ती कोण हाय. गालाची सावली चुकलीय असं मी तुला खोटं सांगितलं. बाकी सगळं खरं सांगितलं, तेवढं एक खोटं.

माजी थोरली बहीण आनंदी अशीच तोंडाचं घेऊन मुंबईच्या इस्पितळात गेली, ती परत आली नाय. ते एक. आणि दुसरं, तुला कळलं असतं तर तू काम टाकून पहिली गाडी धरली असतीस. तुजा सोमवार माज्या पायी जायला नको होता. आणि बघ, लपवायला गेले नि तुजं चित्रच बिघडवून बसले. तू माज्यावर विश्वास ठेवून पुसलंस.

अण्णा ओरडले नायत. ओरडले असते तर बरं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं नि म्हणाले, "शुक्रवारी पालघर." बळवंत रजा काढून येतोय.

आता तू माजं ऐक. कंप्युटरवर पुसलेलं परत आणता येतं असं तूच सांगितलं होतंस. तर आण. रेघ नवी ठेव, कळशीची सावली नवी ठेव, तोंड मात्र पहिलं. एक ठिपकासुद्धा कमी करू नको. सोमवारी ते सरांच्या हातात दे, आणि मगच गाडीत बस. त्याआधी आलीस तर मी दार उघडणार नाय, खरंच सांगते.

मी जुनं चित्र घडी न घालता पिशवीत ठेवलंय. डॉक्टर विचारेल, काय होतंय, कधीपासून. मला तोंडानं सांगायला जमायचं नाय. त्याच्यासमोर तोच कागद ठेवीन.

पहिल्या चित्रातलीच,
आजी