परिचय मेळाव्याचं शूटिंग पुसलं

बाबा,

मी शाळेत चालली. वरण कुकरमध्ये आहे, पोळ्या डब्यात आहेत.

कॉम्प्युटर आता लवकर सुरू होते. बटन दाबून आंघोळ-पूजा आटपायची गरज नाही, अन् घडीघडी रिफ्रेश करत बसू नका. त्यानं काही होत नाही.

डिस्क भरली होती ती लग्नाच्या परिचय मेळाव्यांनी. अमरावती, अकोला, वणी. दरवर्षी शूटिंगवाल्याकडून तुम्ही अख्ख्या दिवसाचा व्हिडिओ आणला, एखादं स्थळ नजरेतून सुटलं असंन म्हणून. ते सगळं मी पुसलं. रिसायकल बिनही रिकामा केला, तिथं शोधू नका. त्यातल्या दोन स्थळांची लेकरं आता मी शिकवते त्याच वर्गात आहेत.

रागानं नाही केलं. नाव, शिक्षण, उंची, अपेक्षा... माईकवर सांगून सांगून थकली मी.

पुसायच्या आधी माझं माझं पाहून घेतलं. वणीच्या मेळाव्यात मी बोलून राह्यली अन् कॅमेरा मधेच खाली फिरला. तुम्ही पहिल्या रांगेत बसून माझं सगळं बोलणं ओठातल्या ओठात म्हणून राह्यले. मी अडखळली, तर तुम्हीही थांबले, अन् शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं.

तेवढा तुकडा ठेवला. डेस्कटॉपवरच आहे, जेवण झाल्यावर पाहा. अन् यंदा माझं नाव देऊ नका.

तुम्हीही थकले, बाबा.

मिताली