चष्मा लावून केलेली सही

१४ तारीख, शुक्रवार, दुपारचे तीन

चि. ठकीस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. तू बरी असशील, वर्गातली पोरं तुझं डोकं खात असतील आणि तू त्यांचं, असं धरून चालते. माझं म्हणशील तर मी ठणठणीत. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आणि डावा पाय सळ्यांच्या पिंजऱ्यात, एवढं सोडलं तर बाकी सगळी आजी जागच्या जागी आहे. प्लास्टरच्या आत अशी खाज सुटते म्हणून सांगू! खालच्या मजल्यावरची टेलरबाई लाकडी पट्टी आत घालून खाजवते. तेवढा वेळ मी डोळे मिटून राणीसारखी बसते.

तुझा बाबा फोनवर सारखा म्हणत असेल, आईला गाडीने उडवलं. उडवलंबिडवलं काही नाही, चांगली आपटले. पण त्याला कुठल्याही गोष्टीतलं रडकं तेवढंच सांगायची सवय. खरी बातमी त्याने सांगितलीच नसणार. ठके, मी काल कोर्टात जाऊन आले! साक्ष दिली! न्यायाधीशबाईंनी मला आजी म्हटलं आणि पाणी मागवलं. या वयात एवढं नवं बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. आता सगळं क्रमाने सांगते, नाहीतर मी कुठल्या कुठे जाते हे तुला माहीत आहे.

त्याला सात आठवडे झाले. मी दूध आणायला निघाले होते. चौकात सिग्नलचा हिरवा माणूस लागला, मी रस्त्यात उतरले. निम्म्यात पोचते तोच तो लाल झाला. आता निम्म्यात उभं राहून काय करायचं? गेले पुढे. तेवढ्यात वळणावरून एका कंपनीची पांढरी गाडी आली, आणि मग मला एकदम आभाळच दिसलं. माझी पिशवी मात्र हातातच होती. ॲम्ब्युलन्सवाल्याने फार सांगितलं, पण मी सोडली नाही म्हणे.

आमच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीशेजारी दर बुधवारी एक टेबल मांडतात. गाड्यांखाली सापडलेल्यांना कायद्याची मदत, पैसे न घेता. तिथे एक वकीलबाई बसते. मी तिला पिशवीवाली म्हणते, कारण एका हातावर काळा कोट आणि खांद्याला बाजाराला नेतात तशी मोठी पिशवी, आत भाजीऐवजी आमची हाडं. म्हणजे एक्सरे गं! तिने मला काय काय विचारावं? पायात काय होतं? ऊन कुठून येत होतं? गाडीचा आवाज आधी आला की गाडी आधी दिसली? मी म्हटलं, "बाई, मला बघायला आलेल्या मंडळींनीसुद्धा माझी एवढी चौकशी केली नव्हती." ती म्हणाली, "त्यांना फक्त होकार द्यायचा होता, आजी. मला सिद्ध करायचंय."

आणि तिने सिद्ध कसं केलं, ते ऐक. एका रविवारी सकाळी मला चाकाच्या खुर्चीत बसवून चौकात नेलं. टेप लावून रस्ता मोजला. मग आपल्या इमारतीतल्या तीन बायकांना हिरव्या दिव्यावर एकेक करून रस्ता ओलांडायला लावला, हातात घड्याळ धरून. हिरवा माणूस राहतो अठरा सेकंद. टेलरबाईला लागले तेवीस, आणि ती तर अजून पन्नाशीचीच. समोरच्या काकूंना एकतीस, त्यातले चार माझ्याकडे बघून हात हलवण्यात गेले. एकही बाई अठरात बसेना! रस्ता रुंद केला तेव्हा हिरव्या माणसालाही वेळ वाढवून द्यावा, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी आपली इतकी वर्षं समजत होते की मीच हळू.

एवढं झाल्यावर मला वाटलं, जिंकलो. पण एक कागद आडवा आला.

त्याचं असं झालं. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी त्या गाडीच्या कंपनीचा एक माणूस मला भेटायला आला होता. सफरचंदं घेऊन. बोलायला इतका गोड की मी त्याचं नाव साखऱ्या ठेवलं. म्हणाला, "आजी, आम्ही विचारपूस करून गेलो एवढीच नोंद आहे. इथे अंगठा द्या." आणि शाईचा डबा उघडला.

अंगठा! मला! मी म्हटलं, "मिटा तो डबा. माझ्या नातीने मला लिहायला-वाचायला शिकवलंय. दर महिन्याला तिला पत्र जातं माझं. मी सही करते." चष्मा मागून घेतला, नाकावर चढवला, ओळींवरून सावकाश बोट फिरवलं, मान डोलावली, "छान लिहिलंय" म्हटलं आणि डाव्या हाताने सही ठोकली. वाकडीतिकडी, पण सही.

त्या कागदावर काय होतं माहीत आहे? मी लाल दिवा असताना धावत रस्त्यात शिरले, गाडीवाल्याची काही चूक नाही, माझी तक्रार नाही आणि पुढेही नसेल. धावत, ठके! मी शेवटची धावले ती तुझ्या बाबाच्या मागे, तो चार वर्षांचा असताना.

पिशवीवालीने कपाळाला हात लावला. म्हणाली, "अंगठा दिला असतात तर बरं झालं असतं हो! अंगठ्याच्या कागदावर, हा मी यांना वाचून दाखवला, अशी तिसऱ्या माणसाची सही लागते. तुम्ही सही केलीत, म्हणजे वाचून, समजून केलीत असं धरतात." तो कागद टिकला तर दावा तिथेच संपला. दावा संपला तर पायाचं दुसरं ऑपरेशन होत नाही, आणि ते झालं नाही तर मी या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरायची ती दुसऱ्यांच्या खांद्यावरून. तुझ्या बाबाच्या पगाराकडे बघून मी हे त्याला बोललेलेही नाही.

मग ती मला विचारायला लागली, "खरं सांगा आजी, तुम्ही तो कागद वाचला होता का?" मी म्हटलं, वाचला म्हणजे, आपला वरवर. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बदललाय. तिसऱ्या वेळी ती घरी आली. टेबलावर तुला लिहायला घेतलेलं पत्र अर्धं पडलं होतं, वर तारीख. तिने ते पाहिलं. मग माझ्या प्लास्टरकडे पाहिलं. मग पुन्हा पत्राकडे. मग दोन कप चहा प्यायली आणि जाताना ते अर्धं पत्र तिने पिशवीत टाकलं. ते पुढे येतंच आहे. आधी कोर्ट.

कोर्टात आरडाओरडा असेल असं मला वाटलं होतं. कसला! दवाखान्यापेक्षा शांत. डुगडुगणारी बाकं, एक पंखा, आणि टाइप करणारी एक मुलगी. तिच्याकडे मी बघतच राहिले. कोण बोलतं तिकडे तिची मान आणि बोटं खाली आपली आपण लिहितायत! मी तिला विचारणारच होते कसं जमतं, पण पिशवीवालीने डोळे वटारले.

कंपनीचे वकील उंच, खोकणारे. त्यांनी साखऱ्याला उभं केलं. तो म्हणाला, "बाईंनी चष्मा लावला, बोटाने ओळ न् ओळ वाचली आणि छान लिहिलंय असं स्वतः म्हणाल्या." एक अक्षर खोटं नाही त्यात. मग न्यायाधीशबाईंनी तो कागद माझ्याकडे पाठवला आणि म्हणाल्या, "आजी, पहिली ओळ वाचून दाखवा."

ठके, इथपर्यंत मी भराभर सांगत आले. आता मला जरा पाणी पिऊ दे.

प्यायले. तर बघ. तू शिक्षिका आहेस, तुझ्या वरच्या चार ओळींतच लक्षात आलं असेल. उजवा हात प्लास्टरमध्ये, आणि अक्षर नेहमीचंच. तेच गोल, एका मापाचं, जे तू वर्गात फिरवून दाखवतेस. ते टेलरबाईचं अक्षर आहे. या पत्रातलं, आणि आधीच्या सगळ्या पत्रांतलंही. मी सांगते, ती लिहिते. (ती आत्ता लिहायची थांबली होती. लिही म्हटलं, मुकाट्याने लिही.)

मला वाचता येत नाही, बाळा. कधीच आलं नाही.

तू नऊ वर्षांची होतीस. स्वयंपाकघरात फरशीवर खडूने अक्षरं काढायचीस आणि मी कणीक मळता मळता बघायची. सही तू शिकवलीस ती खरी. बसचा नंबर, दुकानावरची मोठी अक्षरं, हेही खरं. पण पुस्तकातल्या बारीक ओळी माझ्यापुढे मुंग्यांसारख्या पळायच्या. तू धडा आधी मोठ्याने वाचून दाखवायचीस, आणि माझं पाठांतर पहिल्यापासून दांडगं. एके दिवशी तू म्हणालीस, "आजी, आता तू." मी बोट फिरवत अख्खा धडा म्हणून टाकला. तू टाळ्या पिटत घरभर नाचलीस. ते बघितल्यावर सांगायचं कसं? म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तू शाळेत निबंध लिहिलास, 'माझी पहिली विद्यार्थिनी', त्याला बक्षीस आलं. मग तू शिक्षिकाच झालीस. आता संध्याकाळी मोठ्या बायकांचा वर्ग घेतेस आणि त्यांना माझं उदाहरण देतेस. फोनवर बोलतोच आपण, तरी पत्राचा हट्ट तुझा, आणि का ते मला माहीत होतं. सतरा वर्षं झाली, माझा उद्या काही उजाडला नाही.

आणि काल कागद हातात आला. आता यातली गंमत बघ. तो कागद पिशवीवालीने मला इतक्यांदा वाचून दाखवला होता की मला सगळा पाठ होता! बोट ठेवायचं आणि म्हणायचं. एकाला कळलं नसतं. दावा गेला असता, पण तुझा निबंध खरा राहिला असता. मी बोट ठेवलंसुद्धा. तोंडापर्यंत आलं. टाइप करणारी मुलगी माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती, मी बोलेन ते लिहायला.

मी म्हटलं, "येत नाही मला वाचता."

किती सोपं वाक्य आहे गं! चारच शब्द.

ते वकील उसळले. "नाटक आहे हे! यांनी स्वतः छान लिहिलंय म्हटलंय!"

मी म्हटलं, "अहो, सगळी चूक माझीच असं लिहिलेलं वाचल्यावर मी छान कशाला म्हणेन?"

कोर्ट हसलं. साखऱ्याही हसला आणि मग खाली बघायला लागला. वकील म्हणाले, "मग नातीला दर महिन्याला पत्रं कोण लिहितं?" यावर मागच्या बाकावरून टेलरबाई उभी राहिली आणि म्हणाली, "मी." तिला न बोलावता! न्यायाधीशबाईंनी आधी तिला दटावलं, मग पुढे बोलावलं आणि तिथल्या तिथे चार ओळी लिहायला लावल्या. पिशवीवालीने पिशवीतून ते अर्धं पत्र काढून शेजारी ठेवलं. अक्षर तेच. आणि वरची तारीख, माझा हात मोडला त्यानंतरची. कागद बाद झाला, ठके! दावा पुढे चालणार, पुढच्या महिन्यात चौकाचं मोजमाप मांडायचंय.

बाहेर आल्यावर मला हसू यायला लागलं ते थांबेचना. तुझ्या बाबाला वाटलं, मला धक्का बसला. पिशवीवालीने विचारलं, "काय झालं, आजी?" मी म्हटलं, हलकं वाटतंय, तोल जाईल असं.

आणखी एक, तेही आजच सांगून टाकते. तुझी पत्रंही टेलरबाईच वाचून दाखवते. त्या उंच गणिताच्या मास्तराबद्दल 'आजी, हे फक्त तुला' म्हणून लिहिलं होतंस, ते तिला माहीत आहे. माझ्या आधी तीच रडली. कुणाला बोललेली नाही. (शपथेवर सांगते, असं ती म्हणते. कालपासून शपथ तिच्या फार तोंडात बसलीय.)

तुझ्या वर्गातल्या बायकांना माझ्याबद्दल आता काय सांगायचं ते तू ठरव. पण त्यात कुणी बोट फिरवत भराभर धडा म्हणत असेल ना, तर तिच्याकडे नीट बघ. तिला मधलीच एखादी ओळ विचार. हळूच विचार, सगळ्यांसमोर नको.

आणि मला उत्तर लिहिशील तेव्हा सगळ्यात वर एकच ओळ लिही. मोठ्या अक्षरांत, सुटी सुटी. मी कधी न ऐकलेली, म्हणजे मला पाठ नसेल अशी. रागावली असशील तर तेच लिही. ती ओळ मी टेलरबाईला दाखवणार नाही. चार दिवस लागोत नाहीतर चार आठवडे, ती माझी मला लागेपर्यंत खालचं पत्र मी कुणाकडून वाचून घेणार नाही.

तुझ्याकडून अजून शिकायची राहिलेली,
आजी